सिंहासन पाच दिवसांत कोसळत नाही

रिसोडच्या जुन्या वस्तीत एक घराणे आहे. त्यांचे खरे आडनाव शाळेच्या दाखल्यावर आणि शिधापत्रिकेवर तेवढे आढळते. गावात मात्र तीन पिढ्या त्यांना 'मोगलाईवाले' म्हणूनच ओळखले जाते. लहानपणी मी आजीला या नावाचा अर्थ विचारला होता. "मोगलाईतून पळून आले ना बाप्पा ते," एवढेच ती म्हणाली आणि मग जे सांगत बसली, ते ऐकता ऐकता तुळशीपुढचा दिवा विझून गेला. १९४८ च्या पावसाळ्यात तीन कुटुंबे रात्रीच्या अंधारात गाड्या जुंपून सरहद्दीच्या अलीकडे आली. बैलांच्या गळ्यातली घुंगरे आधीच काढून ठेवलेली. सोबत तांब्यापितळेची भांडी, एक दुभती गाय आणि पोरेबाळे. आमच्या ओसरीत त्यांनी पावसाळा काढला. पुढे निजामाचे राज्य गेले तेव्हा दोन कुटुंबे परतली, एक येथेच राहिले. नाव चिकटले ते चिकटलेच. आज त्या घरातल्या नातवंडांना आपल्याला मोगलाईवाले का म्हणतात, हे सांगता येत नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मला या घराण्याची आठवण होते. रिसोडच्या दक्षिणेला सेनगाव तालुका लागतो. तो हिंगोली जिल्ह्यातला, म्हणजे मराठवाड्यातला. तेथे त्या दिवशी सकाळी ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात. सरहद्दीच्या या बाजूला मात्र तो इतर दिवसांसारखा एक दिवस असतो. 'तो त्यांचा सण, आपला नव्हे,' ही आपल्याकडची समजूत. वाशीम जिल्हा अमरावती विभागात मोडतो, मराठवाडा मुक्तीशी आपला काय संबंध, असे सुशिक्षित माणसेही सहज विचारतात.

संबंध आहे, आणि तो केवळ शेजारधर्माचा नाही. वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचाच मुलूख होता. १८५३ च्या तहाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांच्या हवाली झाला. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांनी तो आपल्या कारभाराखाली ठेवला. मालकी मात्र निजामाची, हे मान्य करूनच. १९२३ मध्ये निजामाने वऱ्हाड परत मागितला. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ती मागणी फेटाळली. तरीही १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. इंग्रज निघाले तेव्हा वऱ्हाडावरचा हक्क निजाम विसरला नव्हता. त्याच्या मनाप्रमाणे घडते, तर मोगलाईवाल्यांना रिसोडला पळून येऊन काय उपयोग होता? पळायचे ते येथूनही पळावे लागले असते. आपले आजोबा-पणजोबा मोगलाईबाहेर राहिले, यात त्यांचे कर्तृत्व थोडे आणि इंग्रजांच्या पट्ट्याचा योगायोग मोठा. योगायोगाने वाचलेल्या माणसाने, जे लढून सुटले त्यांच्याविषयी थोडी उत्सुकता तरी दाखवायला नको का?

ते राज्य होते तरी कसे? मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर बसला आणि १९४८ पर्यंत त्याने एकतंत्री सत्ता चालविली. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठा मुलूख, एक कोटी साठ लाखांच्या आसपास प्रजा आणि त्या प्रजेत बहुसंख्य हिंदू. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या या प्रजेवर कारभाराची, न्यायालयाची आणि उच्च शिक्षणाची भाषा म्हणून उर्दू लादलेली. 'गश्ती निशाण त्रेपन्न' या कुप्रसिद्ध फतव्याने परवानगीवाचून सभा घेण्यास मनाई होती. 'सर्फे खास' म्हणजे निजामाची स्वतःची खाजगी जमीन. राज्याचा सुमारे दहावा हिस्सा त्यातच गेलेला. जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून १९३७ मध्ये अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. त्याच वेळी त्याच्या प्रजेला ग्रंथालय काढायचे तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागत होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या राज्याच्या अंताला आपण सगळेच 'पोलीस कारवाई' म्हणतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सेना शिरली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी निजामाचा सेनापती एल एद्रूस मेजर जनरल चौधरींना शरण आला. पाच दिवसांत खेळ आटोपला. सरदार पटेलांची दृढता आणि सैन्याचे शौर्य यांपुढे आपण नतमस्तकच आहोत. प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या दारात गेलेला असताना हे दोन राष्ट्रांतील युद्ध भासू नये म्हणून तो शब्द सरकारने योजला, तेही त्या वेळी योग्यच होते. परंतु सरकारी सोयीसाठी योजलेला शब्द पाठ्यपुस्तकात जाऊन बसला की त्याचा इतिहास होतो. मग मुलांची अशी समजूत होते की, लोक हात जोडून बसले होते आणि दिल्लीहून रणगाडे आले. एवढे बलाढ्य संस्थान पाच दिवसांत का ढासळले, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. ते आधीच आतून पोखरले गेले होते, आणि ते पोखरण्याचे काम दहा वर्षे चालले होते.

ते काम कोठून सुरू झाले? शाळेतून. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ मध्ये एक राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक म्हणून आला आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. पुढे हे काम अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात बहरले. त्या गावाचे नावही निजामी राजवटीत 'मोमिनाबाद' होते. या शाळांतून जी मुले बाहेर पडली, तीच पुढे तालुक्या-तालुक्यांत लढ्याचे खांब झाली. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होऊ घातली, तर जन्मण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली; ती उठायला १९४६ साल उजाडले. बाळ पोटात असतानाच त्याच्या नावाने पकड वॉरंट काढणारे हे सरकार!

आणि मग १९३८ ची ती अखेर. औरंगाबादच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून त्यांना मनाई झाली. मुलांनी माघार घेतली नाही. ठिणगी हैदराबादला पोहोचली आणि उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्या मुलांना आसरा कोणी दिला? नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू केदार यांनी विद्यापीठाची दारे त्यांच्यासाठी उघडली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच चळवळीतून नागपूरला आलेल्यांपैकी एक. विदर्भाच्या वाचकाने ही गोष्ट अभिमानाने सांगायला हवी. पण आपल्याकडे किती जणांना ती ठाऊक आहे?

त्याच सुमारास आर्य समाजाने सत्याग्रह पुकारला. सोलापूरला डिसेंबर १९३८ मध्ये जी आर्य परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे. हिंदुमहासभेने स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नेतृत्वाखाली भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार आरंभला. डॉ. हेडगेवारांनी स्वयंसेवकांना व्यक्तिशः त्यात जाण्याची मोकळीक दिली होती. स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह गांधीजींच्या सल्ल्यावरून दोन महिन्यांतच स्थगित केला; आर्य समाजाचा १९३९ च्या ऑगस्टपर्यंत चालला. उदगीरचे भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात गेले, गुंजोटीचे वेदप्रकाश तर त्याआधीच बळी पडले होते. आज या तिन्ही सत्याग्रहांचे वारस आपापल्या पुढाऱ्याची तसबीर मध्यभागी आणि इतरांच्या कोपऱ्यात लावतात. आपली मंडळीही याला अपवाद नाहीत, हे येथेच कबूल करून टाकतो. तुरुंगात मात्र ही सारी माणसे एकाच बराकीत होती आणि एकाच पातेल्यातील कदान्न खात होती.

वृत्तपत्रांचेही तसेच. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' काढला. राज्यात त्याला येण्यास बंदी झाली, तेव्हा त्यांनी राज्याबाहेर छापून दुसऱ्या नावाने तेच पत्र आत पाठविले. त्या नावावर बंदी आली की तिसरे नाव! मी या व्यवसायात तीस वर्षे काढली. जाहिरातदाराचा दूरध्वनी आला की हात आखडणारे संपादक मी पाहिले आहेत आणि एक-दोनदा माझाही हात आखडला आहे. वाघमाऱ्यांचे नाव काढताना म्हणूनच थोडे अपराधी वाटते.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकत असताना स्वामीजी अटकेत होते. लातूरचा वकील कासिम रझवी आता मजलिसचा सर्वेसर्वा झाला होता आणि त्याचे रझाकार गावोगाव धुमाकूळ घालीत होते. त्यापूर्वीच, १९४६ मध्ये, नांदेड जिल्ह्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. १९४८ च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोरट्याला निरपराधांचे शिरकाण झाले. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे लढताना धारातीर्थी पडले. याच काळात लोक मिळेल त्या वाटेने वऱ्हाडात, खानदेशात, सोलापूर-बार्शीकडे निघाले. आमच्या ओसरीतली तीन कुटुंबे त्याच लोंढ्यातली.

परंतु लोक केवळ पळत नव्हते. सरहद्दीलगतच्या गावांतून लढ्याची शिबिरे उभी राहिली. करोडगिरीचे नाके जाळले जाऊ लागले, गावदप्तरे फाडली गेली, सरकारी उत्पन्नावर घाव घालण्यासाठी शिंदीची झाडे तोडली गेली. वाशीमहून हिंगोलीला जाताना लागणाऱ्या कन्हेरगावच्या नावाला 'नाका' हा शब्द आजही जोडलेला आहे. आता तेथे बस थांबते, आपण चहा घेतो आणि पुढे जातो. नाका कशाचा, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

या शिबिरांत यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचे शिबिर विशेष गाजले. जानेवारी १९४८ च्या अखेरीस तेथील क्रांतिकारकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील स्टेट बँकेवर छापा घातला आणि वीस लाखांहून अधिक रुपये ताब्यात घेतले. त्या काळचे वीस लाख! सोन्याचा भाव त्या वेळी तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होता. वाचकांनी आजचा हिशेब आपला आपणच करावा. छाप्यातील साहस सगळेच वर्णन करतात. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. रक्कम सरहद्दीपार आली, लढ्यासाठी खर्च झाली, आणि संस्थान मुक्त झाल्यावर त्या मंडळींनी तिचा पै-पैचा हिशेब सादर केला व शिल्लक सरकारजमा केली. पावती मागणारे कोणी नव्हते. लेखापरीक्षक नव्हता. हाती बंदुका होत्या, डोक्यावर इनामे होती आणि समोर नोटांचे गठ्ठे होते. अशा स्थितीत वही ठेवणारा मनुष्य कोणत्या मुशीत घडतो? माझे उत्तर हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेपाशी जाऊन थांबते.

हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. गेल्या पंधरा वर्षांत सत्ताधीश उलथून टाकणारे लोक-उठाव आपण दूरचित्रवाणीवर एकामागून एक पाहिले. कैरोच्या तहरीर चौकात लाखो लोक जमले आणि ११ फेब्रुवारी २०११ रोजी तीस वर्षे राज्य करणारा होस्नी मुबारक पायउतार झाला. आपल्याकडचे विचारवंत हर्षभरित झाले. तहरीरमधल्या तरुणांपाशी धैर्य होते, पण गावोगाव पसरलेली संघटना नव्हती. ती होती मुस्लिम ब्रदरहूडपाशी आणि लष्करापाशी. निवडणूक ब्रदरहूडने जिंकली, आणि वर्षभरात, जुलै २०१३ मध्ये, लष्कराने तिलाही घरी बसविले. तरुण होते तेथेच राहिले, काही तुरुंगात.

ढाक्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आणि अधिक दुखरे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना देश सोडून निघाल्या. पंधरा वर्षांची त्यांची सलग सत्ता मनमानी झाली होती, निवडणुका नावापुरत्या उरल्या होत्या, निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि शेकडो माणसे मेली. त्या तरुणांचा संताप खरा होता, हे हसीनांविषयी कृतज्ञ असलेल्या भारतीयानेही मान्य केले पाहिजे. पण त्याच दुपारी पंतप्रधानांच्या निवासस्थानातून खुर्च्या, पंखे आणि साड्या पळविणारे लोक आपण पाहिले. ज्या घरात मुजीबुर रहमान राहिले आणि मारले गेले, ते धानमंडीचे स्मारक पेटविले गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत तर ते यंत्र लावून पाडण्यात आले. आणि त्या दिवसांत घरे, दुकाने, मंदिरे जळाली ती तेथील हिंदूंची. सत्तापालटाशी त्या बिचाऱ्यांचा काय संबंध होता? त्यांचे पुढारीपण नव्हते, त्यांची सत्ता नव्हती. कोसळत्या सिंहासनाखाली आधी चिरडला जातो तो दुबळा शेजारी.

ढाक्यावर बोट ठेवताना आपल्या दप्तरातले एक पान उलटून पाहणे मला आवश्यक वाटते. सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थानात काही भागांत सूडाचा आगडोंब उसळला आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशी मुसलमान कुटुंबेही त्यात सापडली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत ते अधिक घडले. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. आकड्यावर वाद आहे आणि तो अभ्यासकांनी घालावा; घटना घडल्या यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्या बाजूचे लिहिणारे हे पान बहुधा चिकटवून ठेवतात. मी ते उघडतो, कारण ज्यांनी उमरीच्या पैशाचा हिशेब दिला त्यांच्या नावाने अभिमान मिरवायचा, तर रक्ताचा हिशेबही चुकविता येत नाही. गोरट्याचे दुःख त्याने उणे होत नाही.

आणि निजामाच्या राज्यातील प्रत्येक मुसलमान निजामाचा नव्हता, याचा पुरावा एका पत्रकाराने प्राणाचे मोल देऊन ठेवला आहे. शोएबुल्ला खान हा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे तो लिहीत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये, मुक्तीला महिनाही उरला नसताना, रात्री घरी परतत असता रझाकारांनी त्याला गाठून मारले. ज्या हाताने लिहीत होता तो हातच तोडला. १७ सप्टेंबरच्या भाषणांतून स्वामीजींचे नाव येते, गोविंदभाई श्रॉफांचे येते, क्वचित दगडाबाई शेळके यांचेही येते. शोएबुल्लाचे नाव मी फार थोड्या व्यासपीठांवरून ऐकले.

निजामाचे काय झाले, हा प्रश्न तरुण वाचक विचारतील. हुकूमशहांच्या अंताविषयी आपल्या कल्पना चित्रपटांवर पोसलेल्या असतात. प्रत्यक्षात शेवटचे वर्षभर निजाम आपल्याच पाळलेल्या टोळीचा कैदी झाला होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीशी जैसे थे करार व्हायचा होता. तो करण्यास निघालेल्या शिष्टमंडळातील सदस्यांची घरे रझाकारांच्या जमावाने वेढली. ते शिष्टमंडळच बदलले गेले आणि करारावर सही व्हायला नोव्हेंबरअखेर उजाडली. मीर लायक अली पंतप्रधान झाला तोही रझवीच्या पाठिंब्यावर. पराभवानंतरच्या आकाशवाणीवरील भाषणात निजामाने सारा दोष या टोळीवर ढकलला. त्यात तथ्य होते आणि कांगावाही होता. वाघावर बसायला त्याला कोणी सांगितले होते? रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात निघून गेला. लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटला. आणि निजाम? तो २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला, आणि सालिना पन्नास लाखांच्या तनख्यासह १९६७ मध्ये अंथरुणावर मेला.

हे वाचून रक्त उसळत असेल, तर माझेही उसळते. ज्याच्या राज्यात गोरटा घडले त्याला मानाची खुर्ची, आणि ज्यांनी नाके जाळले त्यांतील कित्येकांना पेन्शनसाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागले! पण शांतपणे विचार करता सरदारांचा हिशेब समजू लागतो. पदच्युत राजाला हुतात्मा करायचे नव्हते, त्याच्या तोंडूनच विलीनीकरण वदवून घ्यायचे होते. इकडे १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५२ मध्ये निवडणुका होऊन बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, १९५६ मध्ये ते राज्यच भाषावार रचनेत विरघळून गेले. राजप्रमुख खुर्चीवर बसून राहिला आणि खुर्चीखालची जमीन सरकून गेली. सूड म्हणून हे फिके आहे. राज्यव्यवस्था म्हणून कैरोला आणि ढाक्याला हे साधले नाही, एवढे मात्र खरे. लढलेल्या मंडळींनी बंदुका टाकून मतपेटी स्वीकारली, कोणी शाळा काढल्या, कोणी विधिमंडळात गेले. अनंत भालेरावांसारखे सैनिक पत्रकारितेत आले आणि मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहून गेले. या लढ्याच्या अभ्यासाला आरंभ करू इच्छिणाऱ्याने तेथूनच करावा.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने १७ सप्टेंबर हा 'हैदराबाद मुक्ती दिन' म्हणून दरवर्षी पाळण्याचे जाहीर केले. चांगलेच झाले. परंतु वऱ्हाडच्या सरहद्दीवरील गावांनी मुक्तिसंग्रामाला जो आसरा दिला, त्याची नोंद सरकारी पत्रकातून होणार नाही. ती आपणच करायची आहे. रिसोड, वाशीम, लोणार, पुसद, उमरखेड या पट्ट्यात कोणाच्या ओसरीत कोण राहिले, कोणी भाकरी पोहोचविल्या, कोणी गाड्या दिल्या, हे सांगणारी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. आमच्या भागातील शाळांनी आणि वाचनालयांनी येत्या सुटीत चार मुले एका वहीसह या म्हाताऱ्यांकडे पाठवावीत. त्याला अनुदान लागत नाही, ठरावही लागत नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्या मोगलाईवाल्यांच्या घरी जाऊन आलो. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले आजोबा आजही खाटेवर बसून जप करतात. त्यांनी सुनेला सांगून कपाटातली एक पितळी डबी आणविली. आत निजामाच्या हाली शिक्क्याची सात नाणी होती. आईने पळताना लुगड्याच्या ओच्यात बांधून आणलेली. हालीचे सात म्हणजे कलदार सहा, हा हिशेब त्यांना अजून तोंडपाठ आहे. नातवाने ती नाणी हातात घेतली आणि विचारले, "आजोबा, यांचे आता किती मिळतील?"

"बदलून घ्यायला गेलो होतो पोरा, तेव्हा मुदत संपली होती," म्हातारबुवा म्हणाले, आणि डबी बंद करून त्यांनी ती उशाखाली सरकवली.